सांधेदुखीवरची पुडी आईला सुरू करू का?

तुम्ही विचारलंय, आईचं वय ५६, दोन्ही गुडघे दुखतात, शेजारच्या गावात एकजण सांधेदुखीवर पुडी देतो, चार-पाच बायांना दोन दिवसांत गुण आला, तर सुरू करू का? आणि हाडं मजबूत राहायला खायला काय द्यावं?

पुडी सुरू करू नका. खाण्याचं पुढे लिहितो. 'दोन दिवसांत गुण' हे शब्द वाचले म्हणून उत्तर लिहायला बसलो आहे, कारण आमच्या घरात हेच शब्द २०१७ साली बोलले गेले होते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात. माझ्या मायचा जन्म निंदण आणि वेचणीत गेला. निंदणाला उकिडवं बसून सरकायचं, वेचणीला दिवसभर वाकायचं, संध्याकाळी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन घरी. पन्नाशीनंतर गुडघे धरले. डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले गुडघे घासलेत, वजन कमी करा, व्यायाम करा, खाली बसू नका. जिचं पोट खाली बसण्यावर चालतं तिला 'खाली बसू नका' सांगितलं की ती त्या डॉक्टरकडं परत जात नाही. माय गेली नाही.

मग मोठे बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, पुडी आणली. कागदात बांधलेली पांढुरकी भुकटी, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात. जडीबुटी आहे, काही अपाय नाही, असं देणाऱ्यानं सांगितलेलं. दसरा झाला होता, सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी माय वावरात गेली. पायरी धरून उठणारी बाई सरळ चालत गेली. मोठे बाबा म्हणाले, "पाह्यलं? तुमचे डॉक्टर सालभर फिरवतेत नुसते." मला तेव्हा काही बोलता आलं नाही, कारण गुण समोर दिसत होता.

पुडी जवळजवळ दोन वर्षं चालली. मायचा चेहरा भरला, गोल झाला. बाया म्हणायच्या, "आता कशी तब्येत झाली तुही!" भूक वाढली. पोट सुटलं, पण दंड आणि मांड्या वाळत गेल्या. चुलीच्या काठाला हात घासला तरी कातडं सोलायचं, हातावर काळेनिळे डाग पडायचे. हे सगळं आम्ही रोज पाहत होतो आणि बरं चाललंय असं समजत होतो.

२०१९ चा तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा सण. नातवाचा लाकडी नंदी सजवून माय त्याला घेऊन अंगणात उतरत होती, एका पायरीवरून पाय सुटला. एकच पायरी. उठता येईना. डावा पाय आखूड दिसत होता आणि बाहेरच्या अंगाला वळला होता. म्हाताऱ्या माणसाचा पडल्यावर पाय असा दिसला तर तो मुका मार नसतो, खुबा मोडलेला असतो, हे आज मला झोपेतही सांगता येईल. त्या दिवशी मोठे बाबा लेप लावू म्हणाले आणि रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, आधीचं काही औषध चालू आहे का? मी तोंड उघडायच्या आत मोठे बाबा म्हणाले, "नाही जी, कायचंच नाही." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पुडीचं नाव काढू नोको. डॉक्टर चिडतेत, मंग पेशंटले पाहत नाहीत." मी गप्प राहिलो. मोठ्यांपुढं बोलायची सवय नव्हती, हे कारण आहे, पण पुरेसं नाही.

रात्री मायला उलट्या सुरू झाल्या. अंग गार पडलं, बीपी खाली जाऊ लागला, सलाईन लावूनही वर येईना. पहाटे मी ड्युटीवरच्या डॉक्टरला सगळं सांगितलं, दोन वर्षं, रोज दोन पुड्या, पडल्यापासून एकही नाही. ती मुलगी माझ्याहून लहान असेल. चिडली नाही. मायचा चेहरा आणि हाताचं कातडं पुन्हा पाहिलं आणि लगेच स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं. काही तासांत बीपी सावरला, माय बोलायला लागली. ऑपरेशन तीन दिवस पुढं गेलं, खुब्याचा गोळा बदलला.

नंतर त्यांनी समजावलं ते असं. पुडीत स्टेरॉईड असणार, म्हणजे सूज आणि दुखणं झपाट्यानं दाबणारं औषध. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक लहान ग्रंथी असते, ती शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनवते. बाहेरून रोज आयतं मिळालं की ती काम थांबवते. मग एकदम बाहेरचं बंद झालं, त्यातच हाड मोडण्यासारखा मोठा आघात झाला, की शरीराकडं काहीच उरत नाही, माणूस जाऊ शकतो. पुडी आम्ही कुठं तपासायला पाठवली नाही. पण मायचं शरीरच तपासणीचा कागद होता.

पुडीचा गुण खोटा नसतो, हे मला मोठे बाबांपुढंही मान्य आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (आपलं नागपूरचं मेयो नव्हे) फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना कॉर्टिसोन हे स्टेरॉईड दिलं, ते काही दिवसांत चालू लागले. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. औषध जास्त दिवस दिल्याचे परिणामही लवकरच दिसू लागले, गोल चेहरा, साखर, ठिसूळ हाडं. म्हणजे जगाला पंचाहत्तर वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आमच्या गावात अजून कागदात बांधून विकली जाते.

मोठे बाबा आजही म्हणतात, "पुडीवर दोन वर्ष वावरात जात होती, डॉक्टरनं हातात काठी देली." त्यांना मी घरी बोलू शकत नाही, म्हणून इथं लिहितो. घासलेला गुडघा पुडीनं जुळला नव्हता, फक्त दुखणं कळायचं थांबलं होतं आणि माय त्याच गुडघ्यावर दोन वर्षं गाठोडी वाहत राहिली. स्टेरॉईडनं हाडाची झीज पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगानं होते. एकसष्टाव्या वर्षी एका पायरीवरून पडून खुबा मोडला तो गुडघे घासले म्हणून नाही. काठी डॉक्टरनं दिली हे खरं, पण ती लागली कशामुळं?

आता तुमच्या आईचं. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा आणि गुडघा घासलाय की संधिवात आहे ते नक्की करा. सकाळी तासभर बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील तर तो वेगळा आजार, त्याची औषधं वेगळी. घासलेलाच असेल तर मांडीचा व्यायाम. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून पाचपर्यंत मोजायचं, दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फुकटाचा वाटतो म्हणून कोणी करत नाही. महिनाभर तरी करून घ्या. वजन एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. संडासात खुर्ची ठेवा, चूल ओट्यावर घ्या. निंदणाला बसायला लहान पाट किंवा स्टूल चालतो, माय आता तेच वापरते. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका, किडनी जाऊ शकते.

खाण्यात दूध-दही, तीळ, शेवग्याचा पाला. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, २०० मिली दुधाच्या ग्लासात साधारण २४० मिळतं, त्यावरून हिशेब करा. वावरात उन्हात राबते म्हणून ड जीवनसत्त्व भरपूर असेल असं धरू नका, आपल्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला दुपट्टा बांधून काम करतात. रक्त तपासून घ्या. पण कॅल्शियमनं घासलेला गुडघा बरा होत नाही, हेही लक्षात असू द्या.

दोन गोष्टी आपल्या भागातल्या म्हणून. घरात तरुण मुलाचा किंवा मुलीचा खुबा दुखत असेल तर सिकलसेलची तपासणी करा, हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. आणि यवतमाळ-चंद्रपूरकडं कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. घरातल्या सगळ्यांचीच पाठ-मान आखडत असेल, पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील, तर आधी पाणी तपासा.

ऑपरेशनची वेळ आली तर रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र योजनेतल्या दवाखान्यातच बसतो, आधी त्याला भेटा.

स्टेरॉईड हे औषधच वाईट असं मी म्हणत नाही. संधिवातात, दम्यात डॉक्टर ते मोजून देतात आणि मोजून काढतात. कागदातल्या पुडीत ते किती आहे हे कोणाला माहीत नसतं, देणाऱ्यालाही नसावं.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी पुडी आधीच चालू असेल तर आज रागानं फेकून देऊ नका. एकदम बंद केली तर मायसारखं होऊ शकतं. पुडी कागदासकट डॉक्टरकडं न्या. मागच्या दिवाळीला मोठी आईचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की तिलाही चालू आहे. मोठे बाबा आमच्यासोबत आले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, काय औषध चालू आहे? मी काही बोलायच्या आत मोठी आईनं पदराची गाठ सोडली आणि चार पुड्या टेबलावर ठेवल्या. आता तिला मोजून गोळी देतात, दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी करतात.