वाचकांचे प्रश्न: निबंध पोरीचा की एआयचा?

ताई, माझी मुलगी नववीत आहे. विज्ञानाचा प्रोजेक्ट असो नाहीतर निबंध, सगळं चॅटजीपीटीला विचारून उतरवून काढते. मार्क चांगले पडतायत. काही बोललं की म्हणते "आई, सगळेच करतात". मोबाईलच काढून घेऊ का?

काढून घेतलात तर मैत्रिणीच्या मोबाईलवर करेल, दुसरं काय होणार. आणि "सगळेच करतात" हे ती खोटं बोलत नाहीये बरं का.

माझ्या वर्गातली गोष्ट सांगते. एक मुलगा गंजावर दोन पानं लिहून आला, लोखंडाचे ऑक्सिडीकरण, विद्युतरासायनिक प्रक्रिया वगैरे वगैरे, अक्षर त्याचंच पण चूक एक नाही, आणि ह्या पोराच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ कधी जागेवर सापडत नाही. मी काही बोलले नाही. फक्त विचारलं, अरे पाणी उकळून गार केलं, त्यात खिळा टाकला आणि वरून तेलाचा थर सोडला तर खिळा गंजेल का रे? म्हणाला, "पाणी आहे ना मॅडम, मग गंजणारच." मग आम्ही तीन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि तेल (उकळलं की पाण्यातली हवा निघून जाते, आणि तेलामुळे नवी आत शिरत नाही), तिसरीत नुसती कोरडी हवा राहावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड, आणि तिन्हीत एकेक खिळा. काही दिवसांनी पहिल्या नळीतला खिळा तांबूस झाला, बाकीचे दोन जसेच्या तसे. नळी उजेडात धरून तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे हवा पण लागते, नुसतं पाणी नाही!" आता गंमत बघा, हे वाक्य त्याच्या त्या दोन पानांत होतं. पहिल्याच परिच्छेदात. स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

तर तुमच्या लेकीचं असं झालंय का ते आधी बघा. वही मिटायला सांगा आणि भाजी निवडता निवडता सहज विचारा, काय गं, काय लिहिलंस, मला सांग ना. सांगता आलं तर चॅटजीपीटीने तिचं फार काही बिघडवलेलं नाही. नाही आलं तर क्रम बदलायला लावा, म्हणजे आधी तिने स्वतःचं अर्धं पान लिहायचं, चुकलेलं असलं तरी चालेल, चुकलेलंच बरं खरंतर, आणि मग त्याला सांगायचं की उत्तर देऊ नकोस, माझं कुठे चुकलंय त्यावर मला प्रश्न विचार. हे ते चांगलं करतं, मी करून बघितलंय. पण ते ठोकून देतं हेही तिला माहीत हवं, नसलेल्या पुस्तकाचं नाव इतक्या आत्मविश्वासाने सांगतं की मोठी माणसं फसतात, म्हणून प्रोजेक्टमध्ये जे संदर्भ टाकेल त्यातला निदान एक तुमच्यासमोर उघडून दाखव म्हणावं.

आणि एक राहिलं. चॅटजीपीटीच्या अटींनुसार तेराच्या आतल्या मुलांनी ते वापरायचंच नाही, अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते. म्हणजे तिने कधी विचारलं नसेल तरी ती परवानगी तुमच्याच हातात आहे. देताना एवढं बघा की नाव, शाळा, फोटो, मैत्रिणींची भांडणं तिथे टाकायची नाहीत.

मी माध्यमिक शिक्षक आहे. निबंध एआयने लिहिलाय का हे ओळखणाऱ्या एका वेबसाईटवर मी सगळ्यांचे निबंध टाकतो. परवा एका मुलीचा "एआय" निघाला, तिला शून्य दिलं तर ती रडायलाच लागली, म्हणते मीच लिहिलाय. खरं कसं कळणार?

सर, स्पष्ट बोलते, राग मानू नका. शून्य मागे घ्या.

ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढलं त्याच कंपनीने 2023 च्या सुरुवातीला असं ओळखणारं टूल काढलं होतं. त्यांनी स्वतःच दिलेले आकडे असे, एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्केच "बहुतेक एआयचा" म्हणून पकडला जायचा आणि माणसाने लिहिलेल्यापैकी 9 टक्क्यांवर उगाच एआयचा शिक्का बसायचा. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते बंदही केलं. आता चाळीस जणांच्या वर्गात सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आणि 9 टक्के धरले तर तीन-चार मुलं विनाकारण चोर ठरतात. तुम्ही वापरता ते टूल वेगळं असेल, कदाचित बरंही असेल, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर मुलीला शून्य? नको.

त्यापेक्षा निबंधाआधी कच्चे मुद्दे मागा, खाडाखोड असलेले. कॉम्प्युटरवर लिहून घेत असाल तर गुगल डॉक्समध्ये जुन्या आवृत्त्यांची हिस्टरी दिसते, तासभर थोडं थोडं लिहिलंय की एका झटक्यात पेस्ट केलंय ते कळतं (पेस्ट म्हणजे चोरीच असंही नाही हां, काही मुलं आधी दुसरीकडे लिहितात). आणि शंका असेल तर मुलाला जवळ बसवून पाच मिनिटं त्याच्याच निबंधावर गप्पा मारा, माझ्या अनुभवात तिथे सगळं बाहेर येतं. त्या मुलीशी बोला, आणि शून्य वर्गासमोर दिलं असेल तर मागेही वर्गासमोरच घ्या.

मी दहावीत आहे. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एका मुलाचा रडतानाचा फोटो स्टिकर बनवून फिरतोय. मी बनवला नाही पण मी पण एकदा पाठवला. आता तो शाळेतच येत नाही. काय करू?

तुला टोचतंय म्हणून लिहिलंस, हे चांगलं केलंस. आजच्या आज त्याला मेसेज कर, "मी पण पाठवला होता, चुकलं माझं", बस, कारणं देत बसू नकोस. ग्रुपवर एक ओळ टाक की हे थांबवा. मग घरच्यांना किंवा ज्या शिक्षकांशी तुला बोलता येतं त्यांना प्रत्यक्ष भेटून सांग, पुरावा म्हणून तो स्टिकर आणखी चार जणांना फॉरवर्ड करू नकोस, त्याने तो अजूनच फिरतो. डिलीट फॉर एव्हरीवन केलंस तरी ज्यांनी सेव्ह केलाय त्यांच्याकडे तो राहणारच, म्हणून मोठ्यांना सांगणं टाळू नकोस. तुला बोलणी बसतील थोडी. बसू देत.

शाळेने मोबाईलवर पूर्ण बंदी घातली आहे. हे जुनाट वाटत नाही का? मुलांना पुढे याच जगात राहायचंय.

जुनाट कसलं, सध्या वारं त्याच दिशेने आहे. फ्रान्सने 2018 मध्ये साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांमध्ये कायद्यानेच बंदी आणली, नेदरलँड्समध्ये 2024 पासून माध्यमिक शाळांच्या वर्गात मोबाईल बंद आहेत, पण धड्यासाठी लागला किंवा एखाद्या मुलाला तब्येतीमुळे गरज असली तर सूट आहे. मला तरी हे पटतं. खिशात मोबाईल थरथरला की मुलाचं अर्धं लक्ष तिकडे जातं, माझंही जातं की.

पण तुमच्याच पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की गृहपाठ रात्री साडेनऊला शाळेच्या ग्रुपवर येतो आणि तो बघायला मुलाला मोबाईल द्यावाच लागतो. म्हणजे दिवसा बंदी आणि रात्री सक्ती! पालकसभेत बंदीवर भांडण्यापेक्षा हे काढा. गृहपाठ फळ्यावर लिहा, मुलं वहीत उतरवून घेतील, आणि ग्रुपवर टाकायचाच असेल तर शाळा सुटायच्या आत टाका म्हणावं.