आजी मटण सोडते, ओरडणं सोडत नाही

नागपूरच्या सदरहून एका ताईंचं पत्र आलंय. लेक नववीत. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ सुरू होतो त्या दिवशी, सगळ्यांसोबत चर्चला आला, कपाळावर राख लावून घेतली, आणि घरी येऊन म्हणाला की मी उपवास करणार नाही, संडे स्कूललाही (चर्चमधल्या पोरांच्या रविवारच्या वर्गालाही) जाणार नाही, तिथे नुसती बायबलची वचनं पाठ करून घेतात. वरून हेही म्हणाला की आजी चाळीस दिवस मटण सोडते पण भांडेवाल्या बाईवर ओरडणं काही सोडत नाही. तेव्हापासून आजी त्याच्याशी बोलत नाहीये. ताई विचारतात, जबरदस्ती करू का?

ताई, नका करू. आधी एक सांगते, तुमचा लेक देवापासून दूर चाललाय असं मला अजिबात वाटत नाही. बायबलमधलं यशया ५८ काढून बघा, तिथे लोक देवाला विचारतात की आम्ही उपवास करतो तरी तू बघत का नाहीस, आणि देव म्हणतो, उपवासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता, मला पाहिजे तो उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर देणं. पोरगं हेच तर विचारून राहिलं! फक्त आजीचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर बोलला, तिथे चुकला, आणि त्याबद्दल त्याने आजीची माफी मागायला पाहिजे. प्रश्नाबद्दल नाही, बोलण्याच्या पद्धतीबद्दल.

मी स्वतः बरीच वर्षं संडे स्कूल घेतलंय आणि मीही पोरांकडून वचनं घोकून घेतली, चुकलं की परत म्हणायला लावलं, त्याचं आज वाईट वाटतं. ख्रिस्ती मराठी कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते तेव्हा गाडीत एका परक्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, दिला, आणि वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तर तिथून त्यांचा पाय निघेना. पाठ कोणी करायला लावलं नव्हतं. १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० ला, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या मनाने. त्याच प्रवचनात, मत्तय ६ मध्ये, येशू सांगतो की उपवास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नको. तो अध्याय लेकासोबत बसून वाचा, समजावू नका, नुसतं वाचा.

संडे स्कूलचं म्हणाल तर चर्चच्या पाळकसाहेबांना भेटा आणि सरळ सांगा की पोरांना प्रश्न विचारायला वेळ द्या.

आणि आजींवर रागावू नका हो. त्या पिढीने हा काळ असाच पाळला, त्यांच्यासाठी ते मटण सोडणं खरंच मोठं आहे. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर शेहेचाळीस होतात, त्यातले सहा रविवार सोडायचे. तर येत्या रविवारी आजींच्या आवडीचं काही करा, लेकाला त्यांच्या शेजारी बसवा, आणि त्यांच्या लहानपणी घरी उपवास कसा पाळायचे ते त्यालाच विचारू द्या. भांडेवाल्या ताईंसाठी डबा भरायचं कामही त्यालाच द्या, आजींच्या हातून वाढून घेऊन.

तुमची मावशी