निकाल हातात देण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. आनुवंशिक कर्करोगाच्या जोखमीबद्दल आता तू स्वतंत्रपणे समुपदेशन करणार, याचा मला मनापासून आनंद झाला. जनुकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, घातक बदल सापडला, तर ते कसं सांगावं, म्हणजे समोरचं माणूस कोसळणार नाही, असं तू विचारलं आहेस. त्याची तयारी तू करशीलच. मला जास्त काळजी वाटते ती निकालाच्या आधीच्या बैठकीची, आणि ज्यांचा निकाल ‘चांगला’ येतो त्यांची.

बीआरसीए१ या जनुकात घातक बदल असलेल्या स्त्रीला ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण ७२ टक्के असते, हा आकडा तुला पाठ असेल. पण समोर बसलेल्या मुलीच्या मनातही एक आकडा आधीपासून असतो. तो तिने आईच्या उशाशी बसून ठरवलेला असतो. आई बेचाळिसाव्या वर्षी गेली असेल, तर ते वय ओलांडेपर्यंत मुलगी जीव मुठीत धरून जगते. तिने मनात शंभर टक्के धरलेले असतील, तर ७२ ऐकून तिला हायसंही वाटू शकतं. जिच्या घरात कुणी त्यातून बरं झालेलं आहे, तिला तोच आकडा निराळा ऐकू येतो. म्हणून वंशवृक्ष काढताना आजार आणि वय लिहून थांबू नकोस. ‘त्या आजारपणात तुम्ही कुठे होतात, काय पाहिलंत?’ असं विचार. ‘निकाल काय येईल असं तुम्हाला वाटतं?’ हेही विचार. उत्तराला वेळ लागला तर लागू दे, मध्ये बोलू नकोस.

चाचणीनेच माणसं खचतात, असं तुला अनेक जण सांगतील. १९९०च्या दशकात कॅरिन लर्मन आणि सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचा पाठपुरावा केला. ज्यांच्यात बदल आढळला, त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण सरासरीने वाढलं नाही. मात्र जे आधीच कर्करोगाच्या धास्तीने ग्रासलेले होते आणि ज्यांनी निकाल जाणून घ्यायला नकार दिला, त्यांच्यात ते महिन्याभरात २६ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेलं. याचा अर्थ नकार देणाऱ्याला चाचणीकडे ढकलावं असा मुळीच काढू नकोस. निकाल नको म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण नको म्हणून उठून गेलेल्या माणसाची चौकशी करणं आपण सहसा विसरतो, आणि तेच चुकतं.

आता चांगल्या निकालाबद्दल. घरात सापडलेला बदल आपल्यात नाही, हे कळल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. काहींना मात्र रडू फुटतं, आणि का ते त्यांना सांगता येत नाही. कुणी याच भीतीपोटी लग्न टाळलेलं असतं, कुणी मूल होऊ दिलेलं नसतं. वर्षानुवर्षांचे निर्णय ज्या भीतीवर घेतले, ती एका कागदाने खोटी ठरवली, तर तो कागद आनंदाने कसा स्वीकारायचा? त्यातून बहिणीचा निकाल पॉझिटिव्ह असेल तर अपराधीपणा येतो. प्रत्येक अपत्यात हा बदल येण्याची शक्यता ५० टक्के, हे आपण सांगतो. घरात त्याचा अर्थ ‘दोघींपैकी एकीला’ असा लावला जातो, आणि मग वाचलेलीला वाटतं की माझ्या वाट्याचं तिच्याकडे गेलं. प्रत्येक अपत्याच्या वेळी नाणं नव्याने उडतं, हे तिला शांतपणे आणि एकापेक्षा जास्त वेळा समजावून सांग. घरचे तिला ‘तू तरी सुटलीस’ म्हणत असतात, त्यामुळे तिचं दुःख बोलायला तिला जागाच उरत नाही. ती जागा तुझ्या खोलीत असू दे. या माणसांना काही आठवड्यांनी आवर्जून फोन कर.

अनिश्चित अर्थाचा बदल, म्हणजे घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही असा बदल, आढळला, तर त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांग. पुढे वर्गीकरण बदललं, तर असे बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. तरीही ऐकणारा तो पॉझिटिव्हच समजून घरी जातो, म्हणून निघण्यापूर्वी त्याला काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लाव.

आईवडिलांना ‘मी मुलांना हे दिलं’ असं वाटतं, तेव्हा घाईने समजूत घालू नकोस, आधी ऐकून घे. वडिलांनाही बोलवत जा. हे बदल त्यांच्याकडूनही तितकेच येतात, तरी ते बैठकीच्या बाहेरच राहतात आणि ओझं आईच्या एकटीच्या डोक्यावर बसतं. नातेवाइकांना कळवण्याचं कामही बहुधा घरातल्या एकाच बाईवर पडतं. ज्या चुलत बहिणीशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, तिला हे कसं सांगायचं? कळवणाऱ्या बाईला साध्या भाषेतलं एक पत्र तू स्वतः तयार करून दे. कोणाला कधी कळवायचं, ते मात्र तिचं तिला ठरवू दे.

पहिल्या कुटुंबाची बैठक झाली की मला सविस्तर लिही. त्यांची ओळख पटेल असं काही लिहू नकोस. तू काय विचारलंस आणि कुठे गप्प राहता आलं, एवढंच कळव.

तुझी,
ताई