सगळी टाइमटेबलं सारखीच का होतायत?

प्रश्न: नमस्कार ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये जेनेटिक अल्गोरिदमने (चांगल्या उत्तरांपासून पिढ्यानपिढ्या नवी उत्तरं काढत जायची पद्धत) दोन वर्गांचं टाइमटेबल बनवतोय. 60 लेक्चर, आठवड्याचे 36 स्लॉट, पॉप्युलेशन 100 (एका पिढीत इतकी टाइमटेबलं), टूर्नामेंट 7 चं (रँडम सातांतलं सगळ्यात चांगलं ते पालक), एलिटिझम 10 (सगळ्यात चांगली दहा जशीच्या तशी पुढच्या पिढीत). वीसेक पिढ्यांत शंभरही टाइमटेबलं जवळपास सारखी होतात आणि 4 क्लॅश (एकाच स्लॉटला एकाच सरांची किंवा वर्गाची दोन लेक्चर) काही केल्या जात नाहीत. म्युटेशन (प्रत्येक लेक्चर रँडम हलवायची शक्यता) 0.01 वरून 0.2 केलं तरी तेच. काय करू?

उत्तर: म्युटेशन आहे तिथे परत आणा, दुखणं तिथे नाहीये. 0.2 म्हणजे प्रत्येक नव्या टाइमटेबलात सरासरी 12 लेक्चर हलणार, एवढी हलवाहलव झाली की जुळून आलेलं सगळं मोडतं, मग ते बिचारं सातजणांच्या टूर्नामेंटमध्ये हरतं आणि जुनंच परत जिंकतं. खरा घोळ त्या 7 मध्ये आहे. गोल्डबर्ग आणि आपल्याकडचे कल्याणमय देब या संशोधकांनी 1991 मध्ये याचं गणित मांडलंय, नुसतं सिलेक्शन चालू ठेवलं तर एकाच चांगल्या उत्तराच्या कॉप्यांनी 100 ची पॉप्युलेशन भरायला 2 च्या टूर्नामेंटला साधारण 9 पिढ्या लागतात, 7 च्या टूर्नामेंटला जेमतेम 3! आणि आईबाप सारखेच असले की क्रॉसओव्हर करून, म्हणजे दोघांचे तुकडे जोडून, नवीन काय निघणार?

तेव्हा टूर्नामेंट 2 वर आणा, एलिटिझम 1 पुरे, आणि हुबेहूब तेच टाइमटेबल आधीच असेल तर नवं आत घेऊच नका.

त्याने भागलं नाही तर क्राउडिंग करा, माझ्या मते तुमच्यासाठी हेच सगळ्यात भारी आहे. मूळ कल्पना डी जाँग यांची, 1975 ची, पण महफूद यांनी नंतर सुधारलेली पद्धत वापरा. आईबाप टूर्नामेंट न लावता रँडम निवडायचे, दोन मुलं काढायची, आणि प्रत्येक मुलाची लढत त्याच्याशी जास्त जुळणाऱ्या पालकाशीच लावायची, जो सरस तो राहील. म्हणजे समजा एका टाइमटेबलात प्रॅक्टिकल सकाळी आहेत, दुसऱ्यात दुपारी, तर आत्ता एक क्लॅश कमी असला की एक घराणं दुसऱ्याला गिळून टाकतं, क्राउडिंगमध्ये दोन्ही आपापल्या जागी सुधारत राहतात. वेळ जास्त लागतो हे खरं, पिढ्या वाढवाव्या लागतील.

आणि हो, मोजत जा. दोन टाइमटेबलं घेऊन किती लेक्चरांचे स्लॉट वेगळे आहेत ते मोजायचं, अशा बऱ्याच जोड्यांची सरासरी काढायची. रँडम सुरुवातीला ती 58 च्या आसपास येते. विसाव्या पिढीला 2-3 वर आली असेल तर पुढच्या पिढ्या नुसत्याच पळतायत.

सरासरी चांगली 30-40 राहूनही प्रत्येक रनमध्ये तेच 4 क्लॅश उरले, तर मात्र अल्गोरिदम सोडा आणि अटी तपासा. एखादे व्हिजिटिंग सर दोनच दिवस येत असतील म्हणजे 12 स्लॉट, आणि त्यांच्या नावावर 16 लेक्चर टाकली असतील तर ते 4 क्लॅश कुठल्याच पद्धतीने जाणार नाहीत.