भ्रमनिरास की भ्रमनिराशा?

पुण्यातील आपल्या वाचकगटासाठी भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' या कादंबरीवर टिपण लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, तिच्या नायकाबद्दल 'पांडुरंग सांगवीकरची भ्रमनिराशा' असे लिहिलेले चालेल का, आणि 'भ्रमनिरास', 'अपेक्षाभंग' व 'निराशा' यांपैकी त्याच्या अवस्थेला नेमका कोणता शब्द लागू पडतो.

'भ्रमनिराशा' लिहू नये. 'निरास' आणि 'निराशा' यांचा उच्चार जवळचा असला तरी मूळ वेगळे आहे. 'निराशा'त 'आशा' आहे. 'निरास'मध्ये मात्र 'अस्', म्हणजे फेकणे, हा संस्कृत धातू असून 'निरसन' आणि 'निरस्त' हे शब्दही त्याच घरचे आहेत. आपण शंकानिरसन म्हणतो, शास्त्रचर्चेत पूर्वपक्षाचा, म्हणजे खोडून काढायच्या मताचा, निरास होतो, तसाच भ्रमाचा निरास होतो, म्हणजे भ्रम दूर सारला जातो. लिंगावरूनही हा फरक ताडता येतो, कारण 'माझी निराशा झाली' आणि 'माझा भ्रमनिरास झाला' असेच आपण सहज बोलतो. मुळात 'भ्रमनिरास' या शब्दात दुःख नाही. भ्रम जाताना बहुतेकदा दुःख होते, म्हणून ती छटा त्याला वापराने चिकटली आहे.

पांडुरंगाचा भ्रम कोणता, हे पाहायचे तर 'महत्त्वाकांक्षा' हा शब्दही सुटा करून पाहावा लागतो. (तो 'महत्त्व'पासून झाला असल्याने त्यात दोन 'त' हवेत, एका 'त'चे रूप छापील मजकुरातही फार दिसते.) महत्त्वाची आकांक्षा हा त्याचा सरळ अर्थ पांडुरंगाच्या पहिल्या वर्षाला तंतोतंत बसतो. खानदेशातील खात्यापित्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्याला शिकायला येतो तेव्हा त्याला पैशाची हाव नसते. चारचौघांत आपल्याला महत्त्व असावे, एवढेच त्याला हवे असते. वादविवाद मंडळाचे चिटणीसपद, वसतिगृहाचे प्रिफेक्टपद, स्नेहसंमेलनातले नाटक, हे सगळे तो अंगावर घेतो, वडिलांचे पैसे सढळ हाताने खर्च करतो, आणि वर्षाच्या शेवटी त्याला कळते की लोकांनी आपल्या चांगुलपणाचा फायदा घेतला. इथे त्याची केवळ आशा मावळत नाही. ज्या पदांना आणि ज्या मैत्रीला त्याने मोल दिले होते, ती मोलाची आहेत हा समजच निघून जातो. त्यामुळे 'भ्रमनिरास' हाच शब्द योग्य आहे.

'अपेक्षाभंग' मात्र वडिलांचा होतो, आणि माझ्या मते तुमच्या टिपणात हा भेद आवर्जून यायला हवा. अपेक्षा दुसऱ्याकडून असते आणि ती मोडली तरी तिच्यामागची श्रद्धा शाबूत राहू शकते. मुलाने शिकावे, पैशाचा हिशेब ठेवावा, नाव काढावे, हे वडिलांना शेवटपर्यंत बरोबरच वाटते. मुलगा तसा निघाला नाही, एवढेच त्यांचे म्हणणे असते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि त्या सुमारास शिक्षणाच्या भरवशावर खेड्यांतून मुले शहरात पाठवणाऱ्या पिढीचा विश्वास वडिलांच्या रूपाने, तर त्या शिक्षणाने मिळते तरी काय हा प्रश्न मुलाच्या रूपाने १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत समोरासमोर उभा राहतो. दोघांच्या दुःखाला एकच शब्द वापरला तर हा झगडाच दिसेनासा होतो.

धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूला यांपैकी कोणताही शब्द लावू नये. तो शोक आहे, आणि कादंबरीतही तो इतका उघडा येतो की त्याला कोणतीही संज्ञा तोकडी पडते.

भ्रमनिरासाची खूण पांडुरंगाच्या बोलीतही आहे. पहिल्याच पानावर तो आपण आज 'उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा' असल्याचे सांगतो. वय ही काही उदाहरण देण्याची बाब नव्हे. पण जो आता स्वतःला महत्त्व द्यायला तयार नाही, तो स्वतःकडेही अनेकांतला एक नमुना म्हणूनच पाहतो. त्याच्या बोलण्यात वरचेवर येणाऱ्या 'वगैरे'चेही तसेच आहे. वाक्य ठाम होऊ लागले की हा शब्द त्यातला ठामपणा काढून घेतो. म्हणून या दोन शब्दांना केवळ लकब म्हणणे मला पटत नाही.

तेव्हा टिपणात 'पांडुरंगाचा भ्रमनिरास' आणि 'वडिलांचा अपेक्षाभंग' असे लिहावे. 'निराशा' शेवटच्या भागासाठी राखून ठेवावी, तीही जपून, कारण गावी परतलेला पांडुरंग निराश आहे की नुसता शांत झाला आहे, यावर तुमच्या गटात एकमत होणे कठीण आहे.