पाच फुटी टाकी, दोन ऑस्कर: फिल्टर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ५ × २ × २ फुटांची माशांची टाकी बनवून घ्यायची आहे, त्यात दोन ऑस्कर आणि काही सिल्व्हर डॉलर जातीचे मासे ठेवायचे आहेत. पाणी बोअरचं, लाइट अधूनमधून जाते. दुकानदार म्हणतो टॉप फिल्टर (टाकीच्या वर बसणारा ट्रे) पुरे, मित्र म्हणतो कॅनिस्टरच (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घे.

टाकी अजून बनलेली नाही ना? मग माझं सांगणं एकच, सम्प करा, म्हणजे टाकीखाली फिल्टरची दुसरी टाकी: वरचं पाणी भोकातून तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर पाठवतो. काचा जोडण्याआधी मागच्या काचेला भोक पाडून घेणं सोपं असतं. टाकी भरून उभी राहिली की ते काम जवळजवळ अशक्य होतं, आणि भोकाऐवजी काठावरून लटकवायचे, पाणी खाली उतरवणारे ओव्हरफ्लो मला पटत नाहीत. त्यांचा सायफन (पाइपातून पाणी आपोआप ओढलं जाणारी धार) तुटला की खालचा पंप पाणी वर ढकलत राहतो आणि ते घरभर होतं.

आता कारण. फिल्टर पाण्यातली घाण अडवतो हे खरं, पण मासे जगतात ते त्याच्या दुसऱ्या कामावर. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. स्पंजवर आणि मीडियावर (जिवाणू वाढावेत म्हणून फिल्टरमध्ये भरलेलं सामान) वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण बोअरचं पाणी आपल्याकडे बहुधा जड असतं आणि त्याचा पीएच आठच्या आसपास जातो. पाण्यात अमोनिया तेवढाच असला तरी पीएच ७ पेक्षा ८ ला त्याचा विषारी भाग जवळपास दहापट भरतो. त्यात ऑस्कर फूटभर वाढणारा मासा. खाताना निम्मं चावून कल्ल्यांतून बाहेर उडवतो. म्हणजे तुम्हाला जिवाणूंसाठी भरपूर जागा हवी, भरपूर ऑक्सिजन हवा, आणि साचलेली घाण हाताला सहज लागेल अशी रचना हवी. या तिन्ही गोष्टी एकत्र सम्पमध्येच मिळतात.

टॉप फिल्टर तीन फुटी टाकीला चांगला, पण त्याच्या ट्रेमध्ये मावणारा मीडिया दोन मोठ्या ऑस्करना पुरत नाही. अंडरग्रॅव्हलचा (खडीखाली प्लेट टाकून केलेला फिल्टर) विचारच नको. ऑस्कर खडी उकरून प्लेट उघडी पाडतात.

कॅनिस्टर वाईट नाही. आवाज कमी, दिसायला सुबक. पण तो बंद डबा आहे. लाइट गेली की आतल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळणं थांबतं आणि काही तासांत आतलं पाणी सडायला लागतं. तशा डब्याचं झाकण उघडलं की येणारा कुजका वास एकदा घेतला की विसरत नाही. लाइट आल्यावर पंप आपोआप सुरू होतो आणि तेच पाणी टाकीत जातं. मित्राकडे कॅनिस्टर असेल तर त्याला आवर्जून सांगा: लाइट बराच वेळ गेली असेल तर डबा उघडायचा, आतलं पाणी ओतून द्यायचं, टाकीतल्याच पाण्यात स्पंज खंगाळायचा आणि मगच चालू करायचं.

सम्पचं माप सांगतो. तुमच्या टाकीत काठोकाठ ५६६ लिटर मावतात. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा सोडली तर ५०० धरा. खाली ३ × १.५ × १.५ फुटांचा सम्प पुरेल. पहिल्या कप्प्यात फिल्टरचा कापूस, मग जाड स्पंज, मग बायो मीडिया, शेवटी पंप. महागड्या सिरॅमिक रिंगांवर पैसे घालू नका. जाड छिद्रांचा स्पंज आणि भांडी घासायच्या साध्या प्लास्टिकच्या जाळीच्या घासण्या (साबण नसलेल्या, तारेच्या तर अजिबात नकोत) हेच काम उत्तम करतात. कापूस आठवड्यातून एकदा तरी बदला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, आणि सगळा मीडिया एकाच दिवशी कधीच धुऊ नका.

पंप घेताना खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा पाणी वर चढवायचं नसताना मोजलेला असतो. तासाला टाकीच्या सहापट, म्हणजे ३००० लिटर प्रत्यक्षात वर पोचायला हवेत, आणि चढ साधारण चार-पाच फुटांचा आहे. तेव्हा ५००० लिटरचा आणि कमाल चढ तीन मीटर असलेला पंप बघा. तो किती वॅटचा आहे तेही विचारा, कारण ४० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला २९ युनिट लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाइट गेली की वरचं पाणी परतीच्या पाइपमधून (पंपाचं पाणी वर टाकीत नेणारा) उलटं खाली येतं, पाइपचं तोंड पाण्याबाहेर पडेपर्यंत. तुमच्या टाकीतलं एक इंच पाणी म्हणजे जवळपास २४ लिटर, आणि त्याने सम्पची पातळी सव्वादोन इंच वाढते. परतीचं तोंड चार इंच खोल ठेवलंत तर सम्प नऊ इंच चढेल आणि पाणी हॉलमध्ये येईल. म्हणून तोंड पृष्ठभागाला लागूनच ठेवा आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला एक छोटं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून सायफन तुटेल. त्या भोकात शेवाळ साचतं, ते काडीने साफ करत जा. मासे आणण्याआधी तुम्ही समोर उभे असताना पंपाचं बटण बंद करून बघा. पाणी थांबेल तिथे सम्पवर मार्करने रेघ मारा. पंप बंद असताना पाणी त्या रेघेवर कधीच जाऊ द्यायचं नाही.

सम्पसोबत टाकीतच एअर पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर लावा. स्वस्त असतात, आणि लाइट जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीवाला एअर पंप त्यांना जोडता येतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. मोठे मासे अमोनियाच्या आधी गुदमरून जातात.

यांतला कुठलाही फिल्टर नायट्रेट काढत नाही, त्यासाठी दर आठवड्याला तीसेक टक्के, म्हणजे दीडशे लिटर पाणी बदलावंच लागेल. हे पाणी झाडांना उत्तम खत आहे, गटारात सोडू नका. शेतीच्या भागातल्या बोअरमध्ये मुळातच नायट्रेट असू शकतं, एकदा टेस्ट किटने बघून घ्या.

आणि वजन. पाणी, काच, स्टँड, सम्प मिळून पाऊण टनाच्या आसपास जाईल. वरच्या मजल्यावर असाल तर टाकी कुठे ठेवायची ते आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा.

सगळं बसवल्यावर जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, चालू टाकीतला मळलेला स्पंज मिळाला तर तो तुमच्या सम्पमध्ये ठेवा, काम लवकर होईल. पाण्यात रोज थोडा अमोनिया किंवा चिमूटभर खाद्य टाकत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले की मगच ऑस्कर आणा, तेही तीन इंचांचे. तोवर दुकानदाराला मासे राखून ठेवायला सांगा.