पोलारिमीटरवर ग्लुकोज ठेवण्याआधी

पोलारिमीटर म्हणजे द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश कुठे आणि किती अंश वळतो ते मोजणारं यंत्र. साखरांच्या नावातल्या डी आणि एल या अक्षरांवरून प्रकाश कुठे वळेल ते कळतं, हा समज आधी सोडून दे. डी-ग्लुकोज उजवीकडे वळवतं, डी-फ्रुक्टोज मात्र डावीकडे, साधारण −92°. दिशा मोजावीच लागते.

अल्फा आणि बीटा ही ग्लुकोजच्या कड्याची दोन रूपं. ती एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा नाहीत. फरक फक्त पहिल्या कार्बनवर. बाकीची चार कायरल केंद्रं (चार वेगवेगळे गट जोडलेले कार्बन) तशीच. म्हणून अल्फाचा आकडा +112.2° आणि बीटाचा +18.7°. शुद्ध अल्फा पाण्यात विरघळवलंस की कडं उघडतं, पुन्हा मिटतं, आणि रीडिंग उतरत उतरत +52.7° ला थांबतं. अल्फाचा वाटा क्ष धरून गणित स्वतः मांड, पाठ करू नकोस. सुमारे 36 टक्के अल्फा निघेल, बाकी बीटा. बीटा जास्त का? कडं खुर्चीच्या आकारात असताना त्याचे सगळे मोठे गट विषुववृत्तीय, म्हणजे कड्याच्या बाहेरच्या बाजूला, गर्दी न करता बसतात. फळ्यावरच्या चित्रात हे दिसत नाही, मॉडेल किट हातात घेच!

प्रॅक्टिकलला द्रावण रात्रभर ठेव किंवा अमोनियाचा एखादा थेंब टाक, नाहीतर आकडा सरकत राहील.

आपण पुण्यात आहोत, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. साखर कारखान्यांत उसाच्या रसाचं पोल (त्यातल्या सुक्रोजचं, म्हणजे साध्या साखरेचं प्रमाण) याच तत्त्वावर मोजतात. तिथे रीडिंग सरकत नाही, कारण सुक्रोजमध्ये दोन्ही अ‍ॅनोमेरिक कार्बन (कडं जिथे उघडतं ते कार्बन) एकमेकांशी बांधलेले असतात. कडं उघडायला वावच नाही, +66.5° तसाच राहतो.